संगणक कक्षाची किल्ली

माध्यमिक शाळेच्या माहितीपत्रकात 'सुसज्ज संगणक कक्ष' ही ओळ हमखास असते, आणि बहुतेकदा ती खोटीही नसते. खोली असते, निळे पडदे असतात, यंत्रांवर शिवून घेतलेली कापडी झाकणे असतात, दाराशी 'चपला बाहेर काढा' अशी पाटी असते. आठवी-नववीतल्या मुलाच्या वाट्याला त्यातले किती येते, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

मांडून पाहू. वर्गात मुले साठ, चालू यंत्रे दहा, आठवड्याला एक तासिका पस्तीस मिनिटांची. रांगेने येणे, चपला, हजेरी यात सहा-सात मिनिटे जातात. जुन्या हार्ड डिस्कचे यंत्र चालू होऊन काम करण्याजोगे व्हायला चार-पाच मिनिटे. यंत्रे बंद करून बाहेर पडायला तीन. उरली वीस. एका यंत्राभोवती सहा जण, म्हणजे एका मुलाच्या हाताला कळफलक लागतो तीन-सव्वातीन मिनिटे. सुट्ट्या, चाचण्या, स्नेहसंमेलन आणि वीज गेलेले दिवस वजा करून वर्षात तीस तासिका झाल्या असे उदारपणे धरले, तरी वर्षाची बेरीज शंभर मिनिटे. तीही समान वाटणी होते असे मानून. प्रत्यक्षात ज्याच्या घरी संगणक आहे तो माऊस पकडतो, बाकीचे पाच जण त्याच्या खांद्यावरून बघतात, आणि मुलामुलींचा एकत्र गट असेल तर मुली बहुधा मागच्या रांगेत.

'प्रथम' या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या २०२३ सालच्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाला याबद्दल विचारले होते. स्मार्टफोन जवळपास नव्वद टक्के घरांत आहे. संगणक किंवा लॅपटॉप जेमतेम नऊ टक्के घरांत. ज्यांच्या घरी आहे त्यांच्यापैकी ८५ टक्के मुलांना तो वापरता येतो, ज्यांच्या घरी नाही त्यांच्यात हे प्रमाण ३४ टक्क्यांच्या आसपास राहते. ही दरी भरून काढायची जागा शाळेखेरीज दुसरी नाही. आणि शाळा देते वर्षाला शंभर मिनिटे.

म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे: शासनाने, संस्थेने, देणगीदाराने यंत्रे मोजणे थांबवावे आणि मूल कळफलकापुढे एकटे किती मिनिटे बसले ते मोजावे. यू-डायसचा, म्हणजे शाळांकडून दरवर्षी भरून घेतल्या जाणाऱ्या सरकारी माहितीचा, तक्ता यंत्रे किती आणि त्यांतली चालू किती हे विचारतो. दार किती वेळ उघडे होते, हे विचारत नाही.

मिनिटे कशाला हवीत, हे समजायला त्या वयातल्या मुलाचे टप्पे बघायला हवेत. मोठ्यांना ते क्षुल्लक वाटतात. पहिला टप्पा स्वतःचे नाव मराठीत उमटवणे. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज', तिथे 'लँग्वेज', मग मराठी निवडून कळफलक जोडायचा आणि विंडोजची कळ व स्पेसबार एकत्र दाबून इंग्रजी-मराठी अदलाबदल करायची. इनस्क्रिप्ट या कळफलकाच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. 'के' दाबले की क, शिफ्टसह ख. पाय मोडायला 'डी'. पहिली वेलांटी कागदावर आधी दिसली तरी टंकताना अक्षरानंतर येते, इथे पहिली ठेच लागते. दुसरी ठेच जोडाक्षरांची. ज्ञानेश्वरी नावाच्या मुलीला 'ज्ञ' सापडत नाही. तो शिफ्ट आणि ५ वर आहे, क्ष शिफ्ट आणि ७ वर. 'पायऱ्या' लिहिताना साधा र घेतला तर 'पायर्या' होते. तिथे शिफ्टसह 'जे', मग 'डी', मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य. २०१९ पासून विंडोज १० मध्ये उच्चारानुसारी मराठी कळफलकही आहे, पण शाळेतले विंडोज त्या वर्षानंतर अद्ययावत झालेले असेल तरच.

हे सगळे सांगायला दहा मिनिटे लागतात, बोटांत उतरायला महिने. टायपिंगच्या संस्थेत मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेसाठी सहा महिने रोज बसवतात. शाळा त्याच कामाला वर्षाची शंभर मिनिटे देते आणि मग 'आमची मुले मराठीत टाइप करत नाहीत' अशी तक्रार ऐकू येते.

मराठी जमली की लगेच पुढची अडचण हजर. एखाद्या गटाने कळफलक मराठीवरच ठेवून यंत्र बंद केले, पुढचा गट पासवर्ड टाकायला बसला. पासवर्डच्या चौकटीत ठिपके दिसतात, पण ठिपक्यांमागे देवनागरी अक्षरे आहेत. यंत्र आत घेत नाही. शिक्षक म्हणतात, पासवर्ड कुणीतरी बदलला. तासिका संपते. लॉग-इनच्या पडद्यावर खाली उजवीकडे भाषेची खूण असते, तिच्यावर एक टिचकी मारली की काम होते. पण ती खूण तिथे असते हे कळायला त्या पडद्यापुढे निवांत बसलेले असावे लागते.

दुसरा मोठा टप्पा म्हणजे आपण केलेले काम पुढच्या आठवड्यात पुन्हा सापडणे. हे फार कमी मुलांच्या नशिबी येते. कारणे ठरलेली. एक तर सगळेच आपली फाइल यंत्राने सुचवलेल्या नावाने साठवतात, एकाचे दुसऱ्यावर जाऊन बसते. दुसरे, पुष्कळ कक्षांत यंत्र बंद-चालू केले की पूर्ववत करणारी प्रणाली बसवलेली असते. व्हायरसपासून बचाव म्हणून ती चांगलीच आहे. पण ती बसवणाऱ्याने 'डी' ड्राइव्ह मोकळा ठेवलेला नसला, तर मुलाचा निबंध, चित्र, आलेख सगळे संध्याकाळी पुसले जाते. मुलाला वाटते आपलेच काहीतरी चुकले. दोन-तीनदा असे झाले की ते पुन्हा मन लावून काही करत नाही. उपाय अर्ध्या तासाचा: 'डी'ला त्या प्रणालीतून वगळायचे, त्यात तुकडीवार फोल्डर करायचे आणि फाइलचे नाव तुकडी व हजेरी क्रमांकाने सुरू करण्याची शिस्त लावायची. पेनड्राइव्हवर नेले आणि त्यात व्हायरस शिरला तर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात, तेव्हा फायली गेलेल्या नसतात, लपवलेल्या असतात. फाइल एक्सप्लोररच्या पर्यायांत लपवलेल्या आणि संरक्षित फायली दाखवण्याची परवानगी दिली की दिसतात. त्या उचलून घ्याव्या, पेनड्राइव्ह फॉरमॅट करावा आणि शॉर्टकटवर चुकूनही टिचकी मारू नये.

तिसरा टप्पा पहिल्या सूत्राचा. एक्सेलमध्ये गुणपत्रक करून शेवटच्या चौकटीत बेरीज आपोआप आली, हा आनंद खराच मोठा असतो, कारण इथे यंत्राने पहिल्यांदा मुलाचे ऐकलेले असते. तिथेही खोड आहे. कळफलक मराठीवर राहून आकडे देवनागरीत उमटले तर एक्सेल त्यांना मजकूर समजते आणि बेरीज शून्य येते. आकडे उजवीकडच्या अंकफलकावरून इंग्रजीत टाकायचे, एवढाच उपाय. पण तासिका संपायला दोन मिनिटे असताना आलेले ते शून्य मुलाला एवढेच शिकवते की हे आपले काम नव्हे.

चौथा, ई-मेल. गूगलचे स्वतःचे खाते आपल्याकडे तेराव्या वर्षापासून काढता येते, म्हणजे आठवीत बहुतेकांना. खाते उघडताना फोन नंबर वडिलांचा दिलेला असतो. पुढच्या वेळी शाळेतल्या अनोळखी यंत्रावरून आत जाताना गूगल त्या नंबरवर कोड पाठवते; वडील शेतावर किंवा पाळीवर. मूल दाराबाहेर. संस्थेने स्वतःच्या शैक्षणिक खात्यांची सोय करून घेतली तर हा त्रास उरत नाही, पासवर्ड विसरला तरी शाळेतच बदलून मिळतो. फक्त ते एका माणसाला बसून करावे लागते.

हा एक माणूस कुठे आहे? केंद्राची 'शाळांत आयसीटी' (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना डिसेंबर २००४ ची, २०१० मध्ये सुधारलेली. आता समग्र शिक्षा अभियानात ती आहे आणि तिचा साचा असा: एका शाळेला उभारणीसाठी ६ लाख ४० हजार, चालू खर्चासाठी वर्षाला २ लाख ४० हजार, पाच वर्षे. महाराष्ट्रात योजनेचे टप्पे कंपन्यांशी करार करून राबवले गेले: कंपनीने कक्ष उभारायचा, पाच वर्षे चालवायचा, मग शाळेला सोपवायचा. शिकवणारा माणूस कंपनीचा, तुटपुंज्या मानधनावरचा. पाच वर्षे संपली की यंत्रे शाळेची झाली आणि माणूस घरी गेला. किल्ली आली मुख्याध्यापकांकडे, जबाबदारी आली गणित-विज्ञानाच्या शिक्षकाकडे 'अतिरिक्त' म्हणून. तो शिक्षक मुळात शालार्थ, सरल, यू-डायस, आधार जुळणी अशा ऑनलाइन सरकारी नोंदींत बुडालेला. शाळेतले सर्वांत बरे यंत्र कक्षात नसते, कार्यालयात असते, हे कुठेही जाऊन पाहावे.

किल्ली का फिरत नाही, याचे खरे कारण आळस नाही. ते जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या यादीत आहे. प्रत्येक माऊस, प्रत्येक कळफलक तिथे नोंदलेला असतो. हरवला, तुटला तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते, लेखापरीक्षणात शेरा येतो, वसुलीची भीती असते. मोडके यंत्र काढून टाकायचे तर निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून कमी करण्याचा प्रस्ताव, समिती, मंजुरी. उलट दार बंद ठेवले आणि यंत्रे आतल्या आत मेली, तर कुणालाही काही विचारले जात नाही. वापरून बिघडले तर गुन्हा आणि न वापरता कुजले तर काही नाही, अशी व्यवस्था असेल तर शहाणा मुख्याध्यापक कुलूपच लावणार. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही.

शिवाय ही काटकसरही खोटी आहे. शाळेतला संगणक वापराने कमी आणि पडून जास्त मरतो. यूपीएसमधली बॅटरी शिशाची, १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची असते. वार्षिक परीक्षेनंतर ती अर्धवट उतरलेल्या अवस्थेत कक्षाला कुलूप लागते आणि जूनमध्ये उघडते. तोवर पट्ट्यांवर सल्फेट साचलेले असते; बॅटरी चार्ज झाल्यासारखी दाखवते आणि वीज जाताच दहा सेकंदांत मान टाकते. मग पावसाळा. कोकणात, घाटमाथ्याला बंद खोलीतल्या दमट हवेने रॅमच्या (यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्टीच्या) सोनेरी टोकांवर थर येतो. यंत्र चालू करताच बीप-बीप करते आणि पडदा काळा. रॅम काढून टोके साध्या खोडरबराने पुसून घट्ट बसवली की बरीचशी यंत्रे उठतात. चालू यंत्राच्या उष्णतेने दमटपणा टिकत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा तासभर तरी प्रत्येक यंत्र चालले पाहिजे. उंदीर आणि पालींनाही बंद कॅबिनेट आवडते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा जरूर करावी, पण हळदकुंकू कळफलकावर न वाहता बाजूच्या सुपारीला वाहावे. बारीक पूड कळांखाली गेली की त्या अडकतात.

सर्वांत फसवा बिघाड नाणे-बॅटरीचा. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाची तीन व्होल्टची गोल बॅटरी असते, घड्याळ चालू ठेवण्यासाठी. ती संपली की यंत्र दर वेळी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची तारीख घेऊन उठते. त्या तारखेला आजच्या संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे अस्तित्वातच नसतात, त्यामुळे ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळ 'असुरक्षित' म्हणून अडवतो. शाळेत निष्कर्ष निघतो: इंटरनेट बंद आहे. केबलवाल्याला फोन होतात, राउटर बदलला जातो. बॅटरी पन्नास रुपयांच्या आत मिळते.

खर्चाचे खरे प्राधान्यही याच रांगेतले आहे. नव्या यंत्राच्या प्रस्तावाआधी जुन्या यंत्रात हार्ड डिस्कच्या जागी २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीविना चालणारी वेगवान डिस्क बसवावी. त्याने चार-पाच मिनिटांचे चालू होणे अर्ध्या-पाऊण मिनिटावर येते. वरच्या हिशेबात घातले तर तासिकेतली वीस मिनिटे चोवीस होतात, म्हणजे प्रत्येक मुलाला एक पंचमांश वेळ जास्त, शिक्षक न वाढवता. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलायचीच, ती अंदाजपत्रकात आधीच धरावी. अर्थिंग तपासून घ्यावे. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ती शाळेतली सर्वांत तातडीची दुरुस्ती आहे, बाकी सगळे नंतर.

आता दार उघडण्याचा हिशेब. आठवी-नववीच्या चार तुकड्या, २४० मुले. दहा यंत्रे रोज एक तास जादा उघडली, वर्षात दोनशे दिवस, तर दोन हजार तास होतात. प्रत्येक मुलाच्या वाट्याला आठ तास वीस मिनिटे, एकट्याने, पाच जणांचे खांदे मध्ये न येता. म्हणजे आताच्या पाचपट. एकही नवे यंत्र न घेता. शाळा सुटल्यावरचा तास वाडी-वस्तीवरच्या मुलांना उपयोगाचा नाही, त्यांची एसटी चुकते. म्हणून अर्धा तास मधल्या सुट्टीत आणि उरलेला शनिवारी सकाळच्या शाळेनंतर, असे तुकडे करावे लागतील. पाळीपत्रक दारावर लावावे आणि त्यात मुलींची नावे वेगळी आधी लिहावीत. 'ज्याला यायचे त्याने यावे' म्हटले की तेच दहा मुलगे रोज येतात.

दार उघडायला माणूस लागतो हे मान्य. केरळने यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिथे 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प २००१ पासून आहे, २०१७ मध्ये त्याची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली. शाळांतली यंत्रे मुक्त प्रणालीवर, लिनक्सवर चालतात. माहिती तंत्रज्ञान हा दहावीच्या परीक्षेतला विषय आहे आणि त्याची प्रात्यक्षिक परीक्षा होते. २०१८ मध्ये त्यांनी 'लिटल काइट्स' नावाची मंडळे सुरू केली: चाचणी घेऊन मुले निवडतात, त्यांना हार्डवेअर, ॲनिमेशन, मल्याळम टंकलेखन शिकवतात आणि कक्षाच्या देखभालीत त्यांचा हात असतो. साधारण दोन हजार शाळांत हे चालते. आपल्याकडे विज्ञान मंडळ आहे, स्काउट आहे, हरित सेना आहे. नववीतली सहा मुले-मुली रॅम पुसू शकतात, नाणे-बॅटरी बदलू शकतात, वीज बंद करूनच कॅबिनेट उघडायचे हा नियम पाळू शकतात. पॉवर सप्लायचा डबा मात्र त्यांनी कधीही उघडायचा नाही. वीज काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका भार उरतो. शिकायला एक निर्लेखित यंत्र मुद्दाम बाजूला ठेवावे.

लिनक्सचा प्रश्न आता आवडीनिवडीचा राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. २०१८ च्या आधीची शाळेची बहुतेक यंत्रे त्यात बसत नाहीत. ती भंगारात काढायची की चार जीबी रॅमवर सुरळीत चालणारे हलके लिनक्स आणि वर्ड-एक्सेलसारखे मोफत लिबरऑफिस टाकून आणखी पाच वर्षे वापरायची, हा निर्णय तालुक्या-तालुक्यात कुणीतरी आता घेणार आहे, बहुधा मुलांना न विचारता. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधल्या प्रश्नपत्रिका तिथे नीट उघडणार नाहीत, अशी शिक्षकांची अडचण खरी आहे. पण त्या दुसऱ्या विंडोज यंत्रावरही तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा काला होऊनच उघडतात. युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही यंत्रावर मराठी मराठीच दिसेल अशा अक्षरपद्धतीवर जाण्याला दुसरा रस्ता नाही आणि तो जितक्या लवकर घ्यावा तितके बरे.

मुलांच्या हातात मोबाइल आहे, मग हे सगळे कशाला, असे आता शिक्षकही विचारतात. मोबाइलवर बघता येते, बोलता येते, फॉर्म भरता येतो. दोन पानांचा अहवाल लिहून त्यात तक्ता टाकून छापणे, चार फायली नीट ठेवणे, सूत्र लिहून चूक शोधणे हे त्यावर होत नाही, झाले तरी कुणी करत नाही. आणि राज्याच्या सीईटीपासून जेईई मेनपर्यंतच्या परीक्षा संगणकावरच द्याव्या लागतात. अकरावी-बारावीत माहिती तंत्रज्ञान विषय घेतला तर बोर्डाचा पेपरही संगणकावरच. ज्या मुलाने माऊस वर्षाला शंभर मिनिटांच्या हिशेबाने धरला, ते तिथे पहिली दहा मिनिटे पडद्याशी झगडण्यात घालवते.

'मुले नको ते बघतील' ही शंका मात्र रास्त आहे. राउटरमध्ये डीएनएसच्या (संकेतस्थळाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या) जागी १.१.१.३ घातले तर क्लाउडफ्लेअरची मोफत कौटुंबिक गाळणी बहुतेक अश्लील आणि घातक संकेतस्थळे अडवते. टेबले भिंतीला लावून पडदे खोलीच्या मधल्या बाजूला तोंड करून ठेवले की दारातून सगळे दिसतात. हा उपाय कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा जास्त चालतो. इंटरनेट नसेल त्या शाळेत 'किविक्स' हे सॉफ्टवेअर वापरून मराठी विकिपीडिया एका यंत्रावर उतरवून ठेवता येतो, मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवणारे स्क्रॅचही इंटरनेटविना चालते.

केंद्राने २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण आणण्याचे २०२५ मध्ये जाहीर केले आहे. पुस्तके येतील, प्रशिक्षणे होतील. नववीतल्या मुलाला आपली फाइल सोमवारी सापडत नाही, त्या शाळेत ते नेमके कशावर शिकवले जाणार, हे विचारायला हवे.

शासनाने करायच्या गोष्टी तीनच सांगता येतील. विद्यार्थ्यांच्या वापरात झालेल्या बिघाडाची वसुली मुख्याध्यापक वा शिक्षकाकडून होणार नाही, असा स्पष्ट आदेश काढावा, वार्षिक दुरुस्तीची ठरावीक रक्कम निर्लेखनाच्या फेऱ्याविना खर्चू द्यावी. आणि यू-डायसच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा: मागच्या महिन्यात संगणक कक्ष विद्यार्थ्यांसाठी किती तास उघडा होता. पालकांना त्यासाठी थांबायची गरज नाही. शाळा समितीच्या पुढच्या बैठकीत कक्षाची वापर-नोंदवही मागता येते. ती नसेल तर तेच उत्तर. असेल तर त्यात तारीख, मुलाचे नाव, यंत्राचा क्रमांक, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची वेळ हे पाच रकाने आहेत का ते पाहावे, आणि आपल्या मुलाच्या नावापुढच्या मिनिटांची बेरीज तिथेच करावी.